बॉल चालू हाय

सुजाताचा सत्कार करायचा घाट घातलाय म्हणे, मुरबाडच्या स्पर्धा कमिटीने. बॅनर छापून तयार आहे. त्यावर हातात माइक घेतलेला तिचा फोटो, खाली ‘आमच्या लाडक्या फुटबॉल समालोचक’ अशी अक्षरं आणि भोवती पुढाऱ्यांचे आठ फोटो, तिच्यापेक्षा मोठे. स्मरणिकाही निघणार आहे. त्या स्मरणिकेसाठी ‘ताईंच्या सहवासातल्या चार गोड आठवणी’ मी लिहाव्यात, असं सेक्रेटरींनी मला फोनवर सांगितलं. का, तर तीन हंगाम मी तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसत होतो. मी लाउडस्पीकरवाला. माइक माझा, मशीन माझं, भोंगे माझे.

गोड आठवणी माझ्याकडे नाहीत. ज्या आहेत त्या लिहितो. छापायच्या तर छापा, नाहीतर चुलीत घाला.

पहिल्यांदा ती माझ्या टेबलाशी आली ती भांडायलाच. आटगावजवळ भात काढलेल्या रानात स्पर्धा होती. आमच्याकडे खेळ म्हणजे क्रिकेट. फुटबॉल आणला तो आश्रमशाळेत शिकून आलेल्या पोरांनी. गोलाचे खांब बांबूचे, आणि त्यांना लावलेलं जाळं म्हणजे धरणावर मासे धरून धरून फाटलेलं जुनं जाळं. समालोचनाला मात्र कमिटीने नेहमीचा क्रिकेटवालाच बोलावला होता. आवाज खणखणीत, पण फुटबॉलमधलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. बॉल बाजूच्या लाईनबाहेर गेला की तो ‘चौकार!’ म्हणून ओरडायचा. कॉर्नरला त्याने ‘फ्री हिट’ जाहीर केली. लोक हसत होते, मीही हसत होतो.

तेवढ्यात गर्दीतून एक बाई उठली. पस्तिशी उलटलेली, पंजाबी ड्रेसखाली खेळाचे बूट, उजवा पाय किंचित ओढत चालणारी. टेबलापाशी येऊन म्हणाली, “दादा, पोरं मरमर धावतात आन् तुमी त्यांची मस्करी करता. त्याला थ्रो बोलतात. चौकार काय?”

“मग तुमीच बोला ना, बाई,” क्रिकेटवाला डोळा मारून म्हणाला.

तिला डोळा मारलेला दिसला नसावा, किंवा दिसूनही तिने सोडून दिला असावा. तिने खुर्ची ओढली, बसली आणि माइक हातात घेतला. कधी माइक धरला नव्हता, त्यामुळे तो तोंडाला चिकटवला आणि भोंगा किंचाळला. मी तिचा हात धरून माइक वीतभर लांब केला. तिला मी काही शिकवलं असेल तर ते एवढंच.

बाकीचे समालोचक गोल झाला की बोंबलतात. ही गोल झाला की गप्प बसायची. लोक ओरडून ओरडून दमले की मग शांतपणे म्हणायची, “गोल कोणी मारला ते तुमी बघितलं. आता तुमी काय नाय बघितलं ते मी सांगते. उजव्या बाजूने नीलेश धावला. त्याला ठाऊक होतं बॉल आपल्याकडं येणार नाय. तरी धावला. दोन जण त्याच्या मागं गेले म्हणून मधे वाट झाली. नीलेश, शाबास रे.” आणि तो नीलेश, ज्याला आख्ख्या सामन्यात चार वेळा बॉल लागला नव्हता, तो भर मैदानात कमरेवर हात ठेवून उभा राहायचा आणि हसू दाबायचा. तिच्या समालोचनामुळे आमच्या भागातली पोरं बॉल नसतानाही धावायला लागली, हे मी शपथेवर सांगेन.

बायका मॅच बघायला यायला लागल्या त्याही तिच्यामुळे. एकदा हाफटाइमला मिसरी लावत बसलेल्या एका म्हातारीने तिला हटकलं. “काय गो, पोराने चांगला गोल घातला, मग पंचाने रद्द का केला?” ऑफसाइड समजावताना मी भलेभले मास्तर घामाघूम झालेले पाहिलेत. सुजाताने माइकवरूनच विचारलं, “आजी, भाताच्या आवणीला बायका वळीत उभ्या राहतात ना? मग समजा राबातली रोपांची मूठ अजून लांब हाय, कोणी टाकली पण नाय, आन् एक बाई आधीच वळ सोडून पल्याड जाऊन हात पसरून उभी राहिली. तिला काय बोलाल?”

“आगाव बोलेन!” म्हातारी म्हणाली.

“त्यालाच ऑफसाइड बोलतात.”

पुढच्या अर्ध्या डावात पंचाच्या आधी बायकाच ‘आगाव, आगाव’ ओरडत होत्या, आणि दहातल्या आठ वेळा बरोबर ओरडत होत्या.

ती स्वतः खेळलेली होती, चांगली राज्यापर्यंत. बचावात उभी राहायची. पण हे मला दुसऱ्या हंगामात कळलं, तेही तिच्याबरोबर खेळलेली एक बाई भेटायला आली म्हणून. वडील रेल्वेत गँगमन. घरात मुलीला खेळायला बंदी नव्हती, उलट ‘शिक आन् पळ, जेवढं पळशील तेवढं’ असं वडील म्हणायचे. पुढच्या शिबिराला निवड झाली आणि आठ दिवस आधी गुडघा फिरला. कोणी म्हणालं शेक द्या, कोणी म्हणालं चार दिवसांत उतरेल. संघ निघून गेला. नंतर एकाही माणसाने गुडघा कसा आहे म्हणून विचारलं नाही. आता ती आटगावच्या एका गोदामात पॅकिंगच्या लाईनवर सुपरवायझर आहे. मी एकदा हळहळलो, तर माझ्यावरच उखडली. “गुडघा गेला, डोळे नाय गेले, दादा. रडायचं तर मैदानाबाहेर जाऊन रडा.”

आता चिठ्ठ्यांचं सांगतो, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खातं.

आमच्याकडच्या स्पर्धांत समालोचकाच्या टेबलावर सतत चिठ्ठ्या येतात. अमुक गावचे सरपंच आले आहेत, स्वागत करा. तमुक शेठ आले आहेत, नाव घ्या. नाव नाही घेतलं तर माणूस रुसतो, आणि वर्षभर रुसून राहतो. मोठा माणूस आला तर खेळ थांबवतात, शाल-नारळ होतो, फोटो होतात आणि मग खेळ परत सुरू. खेळाडू तोवर गार होतात. क्रिकेटमध्ये दोन बॉलच्या मध्ये हे खपून जातं. फुटबॉलला मध्ये जागाच नसते, पण सवय कोणाची सुटते?

सुजाताने पहिल्याच दिवशी चिठ्ठ्यांवर पाण्याची बाटली ठेवली. चिठ्ठी घेऊन कोणी आला की माइकवर हात ठेवून म्हणायची, “बॉल चालू हाय.” बस्स. हाफटाइमला मात्र सगळ्या चिठ्ठ्या वाचायची, एकही न गाळता, मानाने. एकदा वैशाखऱ्याच्या स्पर्धेत जिल्ह्यातला एक पुढारी आला. कमिटी धावत टेबलाशी. ही माइकवर म्हणाली, “साहेब आलेत. बॉल बाहेर गेला की आपण त्यांचं स्वागत करू. तोवर साहेबांनी डावी बाजू बघावी, आज तिकडं खेळ चांगला चाललाय.” तो पुढारी भला माणूस. उभ्या उभ्याच डावी बाजू बघत राहिला आणि टाळ्यासुद्धा वाजवल्या. राग आला तो कमिटीला. देवापेक्षा पुजाऱ्याचा थाट मोठा असतो.

लोकांना मात्र वेड लागलं होतं. तिचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करून पोरं एकमेकांना पाठवायची. एका रिक्षावाल्याने ‘बॉल चालू हाय’ ही रिंगटोन ठेवली होती. वैशाखऱ्याचे एक म्हातारे, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, एसटीने कुठे कुठे यायचे आणि भोंग्याखाली बसायचे. ते म्हणायचे, “मला बॉल दिसत नाय. पण ताई बोलते ना, तर तो कुठं हाय ते मला कळतं.” मोबाइलवर ‘ताई फॅन क्लब’ नावाचा ग्रुप निघाला होता. मीही त्यात होतो. अजून आहे, लाज वाटते तरी.

तिसऱ्या हंगामात मुरबाडच्या मोठ्या मैदानावर फायनल होती. सुजाताने कमिटीला एकच अट घातली होती. “फायनलच्या आधी पोरींची मॅच ठेवा. आन् पुरी ठेवा.” उंबरमाळीकडच्या एका आश्रमशाळेत ती दर रविवारी मुलींना शिकवायला जायची. त्या मुली कधी मोठ्या मैदानावर खेळल्या नव्हत्या. जिथे जातील तिथे त्यांना पुरुषांच्या दोन सामन्यांच्या मध्ये दहा मिनिटं धावायला द्यायचे, आणि कोणाला तरी यायला उशीर झाला की ती दहाही कापायचे. तिने त्यांना शब्द दिला होता. “या वेळी पुरा टाइम मिळेल. मी बघते.” हे तिने मला चहा पिताना सांगितलं होतं. मी मान डोलावली होती.

समोरचा संघ मुरबाडकडच्या दुसऱ्या एका आश्रमशाळेचा. मॅच सुरू झाली. ऊन रखरखीत, धूळ उडत होती, पण पोरी काय खेळत होत्या! पहिला अर्धा डाव कोरा गेला. दुसऱ्यातली शेवटची सहा-सात मिनिटं उरली होती आणि उंबरमाळीच्या पोरींनी दाब धरला होता. लोक उभे राहून बघत होते. तेवढ्यात गाड्या आल्या. गेटपाशी थांबल्या नाहीत, कोपऱ्यातला झेंडा पाडून सरळ मैदानाच्या कडेला आल्या. कोण साहेब ते सांगत नाही, सगळे सारखेच असतात. सेक्रेटरी चिठ्ठी घेऊन धावत टेबलाशी आले.

“बॉल चालू हाय,” सुजाता म्हणाली.

“अहो, साहेब उन्हात उभे राहतील काय?”

“पोरी पण उन्हातच हायेत.”

या वेळी तिने माइकवर हात ठेवला नव्हता. सगळं मैदान हसलं. सेक्रेटरींचा चेहरा काळाठिक्कर पडला. ते खाली वाकून तिला म्हणाले, “तुमच्यात माइकची हौसच फार.” ‘तुमच्यात’ या शब्दात काय काय भरलेलं होतं ते शहापूर-मुरबाडात कोणाला फोड करून सांगावं लागत नाही. ती जयभीमवाली, सेक्रेटरी आमच्यातले. मी ते ऐकलं. सुजातानेही ऐकलं, पण तिची नजर बॉलवरून हलली नाही. मग सेक्रेटरी माझ्याकडे वळले.

“गण्या, बंद कर.”

मी बंद केला.

कारणं सांगायला माझ्याकडे ढीगभर आहेत. तालुक्यातल्या सभांचे, लग्नांचे भोंगे कोणाच्या शब्दावर लागतात ते मला ठाऊक आहे, घरी चार तोंडं आहेत. पण ही सगळी मागाहून सुचलेली कारणं. खरं सांगायचं तर सेक्रेटरींनी सांगितलं आणि माझा हात बटणाकडे गेला. विचार करायला लागला असता तर निदान मी विचारी तरी ठरलो असतो.

तिला लगेच कळलं नाही. ती दोन-तीन वाक्यं तशीच बोलत राहिली. भोंगे गप्प, आणि तिचा उघडा, बारीक आवाज फक्त मला ऐकू येत होता. मग तिने मशीनकडे पाहिलं. मग माझ्याकडे. आणि नेमक्या त्याच क्षणी मैदानावर गोल झाला. डावीकडून एक पोर दोघींना ओढून घेऊन गेली, मधल्या मोकळ्या जागेत दुसरीला बॉल मिळाला आणि तिने लांबूनच असा हाणला की इथल्याही फाटक्या जाळ्यातून बाहेर पडला. पंचांनी मध्याकडे बोट दाखवलं. गोल झाला होता, रीतसर झाला होता. पण निम्मं मैदान गाड्यांकडे बघत होतं. कमिटीची माणसं हात हलवत आत घुसली आणि पोरींना मैदान मोकळं करायला सांगू लागली.

मी माइक चालू केला, सेक्रेटरींसाठी. स्वागत झालं.

“दादा,” सुजाता मला म्हणाली, “एक वाक्य. दोघींची नावं घेते आन् उठते. बाकी काय नाय बोलत.”

मी सेक्रेटरींकडे पाहिलं. ते म्हणाले, “नंतर.” मीही तिला म्हणालो, “नंतर.” तो शब्द मी कुठून आणला माझ्या तोंडात, देव जाणे.

ती टेबलापाशी उभी राहिली. शाली झाल्या, नारळ झाले, भाषणं झाली, साहेबांनी खेळाचं महत्त्व सांगितलं. पाऊण तास ती दुखऱ्या पायावर उभी होती. शेवटी सेक्रेटरींनी जाहीर केलं की मुलींचा सामना बरोबरीत सुटला असून दोन्ही संघांना प्रमाणपत्रं देण्यात येतील. कडेला बसलेल्या पोरींनी एकदम सुजाताकडे पाहिलं. ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत, नुसतं पाहिलं. ते तिने कसं सोसलं मला माहीत नाही.

“या ताई, बसा, फायनल सुरू करू,” सेक्रेटरी म्हणाले. आवाजात साखर.

“आधी ती मॅच संपवा.”

“आता झालं ना ते. सोडा.”

तिने पाण्याची बाटली उचलली, चिठ्ठ्या सेक्रेटरींच्या हातात दिल्या आणि पोरींना घेऊन निघून गेली. फायनलला तो क्रिकेटवाला आणला. त्याने परत चौकार मारले.

आणि चाहते? हजारभर माणूस होतं त्या मैदानावर. तिच्या आवाजाची रिंगटोन ठेवणारे होते, ग्रुपवर लाल बदाम टाकणारे होते. एक माणूस उठला असेल तर शपथ! दोघा-चौघांनी ‘ताईंना बोलू द्या’ असा आवाज काढला, पण साहेबांनी हात जोडल्यावर टाळ्याही त्यांनीच वाजवल्या. वैशाखऱ्याचे ते म्हातारे भोंग्याखाली बसून शेजाऱ्याला विचारत होते, “ताई गप का झाली रे?”

“साहेब आले, बाबा.”

“साहेब आले, तर बॉल कुठं गेला?”

शेजारी परत गाड्यांकडे बघायला लागला. ते काठी टेकत उठले आणि स्टँडकडे गेले.

त्यानंतर सुजाता कुठल्याच टेबलावर दिसली नाही. ग्रुपवर ‘मिस यू ताई’ येत राहिलं, हात जोडलेले येत राहिले. कमिटीला जाऊन जाब विचारणारा एकही निघाला नाही. आपल्याकडे माणसावर प्रेम करायला कोणाची ना नसते, फक्त त्याच्या बाजूने उभं राहायची वेळ आली की प्रत्येकाला बस पकडायची असते. हे मी दुसऱ्यांना सुनावतोय तेव्हा आरशात बघूनच सुनावतोय.

पावसाळा सरल्यावर एका रविवारी सकाळी मी टेम्पोत मशीन आणि दोन भोंगे घालून उंबरमाळीकडे गेलो. मनात म्हटलं, माफीबिफी मागायला आपल्याला जमत नाही, पण पोरींच्या मॅचला माइक लावून देऊ, तिला कळेल. शाळेमागच्या उतारावर सपाट केलेलं छोटं मैदान होतं. पोरी आपसांतच दोन संघ करून खेळत होत्या, सगळ्यांच्या अंगात शाळेचे एकसारखे टी-शर्ट. गळ्यात शिट्टी अडकवून सुजाता लाईनच्या कडेने चालत होती आणि उघड्या आवाजात बोलत होती, नेहमीसारखंच. कोण धावली, कोण थांबली, कोणी वाट केली.

मी मशीन लावलं, वायरी ओढल्या. शिट्टी वाजवून तिने खेळ थांबवला आणि माझ्याकडे आली. मी माइक तिच्यापुढे धरला.

“घे,” मी म्हटलं. “माझं चुकलं, सुजाता. आज कोणी बंद करणार नाही.”

तिने हात पुढे केला नाही. “तुमी तिथं होता ना, दादा? माझ्या बाजूलाच होता. गोल तुमी बघितला.”

“बघितला.”

“मग तुमीच सांगा पोरींना. त्या दिवशीचं एक वाक्य राह्यलंय.”

तिचं बरोबरच होतं. मी आयुष्यभर लोकांच्या हातात माइक दिलाय, ‘हॅलो, टेस्टिंग’च्या पलीकडे त्यावर कधी बोललो नव्हतो. घसा खाकरला. पोरी घाम पुसत, एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून बघत उभ्या होत्या.

“त्या दिवशी मुरबाडला गोल झाला होता,” मी म्हणालो. डोंगराकडून माझाच आवाज परत आला. “तुम्ही जिंकल्या होतात. डावीकडून धावली ती... आणि गोल मारला तो...”

आणि मी थांबलो. मला नाव माहीत नव्हतं. धावलेलीचंही नाही, गोल मारलेलीचंही नाही. माइक मी बंद केला होता, मग ती नावं मला कळणार कुठून? आणि नंतर आठ महिन्यांत ती विचारावीत असं मला एकदाही सुचलं नव्हतं. मी सुजाताकडे पाहिलं.

“सांग ना,” मी हळूच म्हटलं. माइक चालूच होता, ते सगळ्यांनी ऐकलं.

“मी नाय सांगणार,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. “त्या समोर उभ्या हायेत. जाऊन इचारा.”

तिने शिट्टी वाजवली. पोरी पांगल्या, बॉल उडाला, आणि ती माझ्याकडे पाठ करून पाय ओढत लाईनच्या कडेने चालायला लागली. मी माइक धरून कितीतरी वेळ त्या पोरींकडे बघत होतो. त्यांतल्या त्या दोघी कोणत्या, हेसुद्धा मला ओळखता आलं नाही.